सागवानी घर आणि त्याखालची जमीन

हाउन्सलो

जावा बेटावरच्या एखाद्या भातशेतीच्या गावात घर घ्यावं आणि उरलेलं आयुष्य सुखात काढावं, असं ज्यांच्या मनात येत असेल त्यांनी हे वाचावं. ज्यांच्या मनात येत नसेल त्यांनीही वाचावं. दुसऱ्याच्या मूर्खपणावर हसण्याचा आनंद आमच्या मराठी मंडळात अजून फुकट मिळतो, आणि या वर्षी तो पुरवण्याचा मान माझा आहे.

माझी नोकरी हीथ्रोजवळच्या एका मालगोदामात होती. हुद्दा लांबलचक होता. काम म्हणजे कोणतं खोकं कोणत्या ट्रकमध्ये गेलं ते बघायचं. कंपनीने गोदाम मिडलंड्सला हलवलं. मला हलवावं असं कुणाला वाटलं नाही. निरोपाच्या केकवर सगळ्यांची नावं मावेनात म्हणून नुसतं 'थँक यू ऑल' लिहिलं होतं, आणि माझ्या वाट्याला त्यातला 'ऑल' आला.

लोकांना सांगायला मी एक वाक्य तयार केलं: 'अर्ली रिटायरमेंट घेतली.' आरशासमोर ते बरं वाटायचं. पण असं वाक्य सांगायला माणसं भेटावी लागतात, आणि मला माणसं भेटायलाच नको होती. म्हणून रोज सकाळी नेहमीच्या वेळेला लॅपटॉपची बॅग खांद्याला लावून निघायचो आणि आपल्या बाजूचं कुणी येणार नाही अशा लांबच्या लायब्ररीत जाऊन बसायचो. सुषमाला, म्हणजे माझ्या बायकोला, हे माहीत होतं. ती हॉस्पिटलच्या फार्मसीत आहे. कोणत्या दुखण्याला हात लावायचा नाही, हे तिला कळतं.

त्या लायब्ररीत मला जावा सापडलं. व्हिडिओत एक लालबुंद गोरा लुंगी नेसून ओट्यावर कॉफी पीत बसलेला, समोर हिरवीगार भाताची खाचरं, मागे डोंगर. हाउन्सलोतल्या गॅरेजच्या किमतीत इथे वाडीच उभी राहते, असं तो म्हणत होता. सरड्यासारखा ऊन खात बसलेला माणूस अर्थशास्त्र सांगायला लागला की आपण सावध व्हावं. मी वही काढली.

पुढचं सगळं मी अगदी पद्धतशीरपणे केलं. हाउन्सलोचं घर विकायचं, त्यातून जावात घर घ्यायचं आणि बाकीच्यावर आयुष्य काढायचं. इस्टेट एजंट आला, आमच्या दिवाणखान्याला 'डिसेप्टिव्हली स्पेशस', म्हणजे दिसतो त्यापेक्षा ऐसपैस, म्हणाला आणि आठवड्याभरात गिऱ्हाईक घेऊन आला. गिऱ्हाईकाला आम्ही जावा बघून परत येईपर्यंत हो किंवा नाही सांगायचं होतं. म्हणजे या सहलीच्या शेवटी आमचं राहतं घर जाणार होतं किंवा राहणार होतं. सुषमाने त्या घराच्या मागच्या अंगणात लंडनच्या थंडीशी भांडून कढीलिंब जगवलाय. ती 'हो' म्हणाली नाही, 'नाही'ही म्हणाली नाही. 'बघून तर येऊ,' एवढंच म्हणाली. या तीन शब्दांना मी संमती समजलो. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी माझं शिक्षण ते एवढंच.

आमची लेक सई एडिनबराला एका बँकेत आहे. तिने फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि इथेच जन्मलेल्या आपल्या मराठीत विचारलं, "बाबा, तुमची डोका फिरला आहे का?" व्याकरण सोडलं तर प्रश्न बिनचूक होता.

गावात

विमानप्रवासाचं वर्णन करत नाही. बसलो, सुजलो, उतरलो.

विमानतळावर शेखर घ्यायला आला. शेखर मूळचा नाशिकचा, मग हॅरोचा, आता जावातल्या एका शहरात राहून आपल्यासारख्यांना 'प्रॉपर्टी टूर' घडवणारा. डोक्यावर शिंदीच्या पानांची टोपी, मनगटात मण्यांच्या माळा, आणि बोलणं असं की ऐकताना आपण पैसे वाचवतोय असं वाटावं. "दादा, थिंक लाँग टर्म. वहिनी, तुम्ही व्ह्यू बघा फक्त. हाउन्सलोला काय बघता खिडकीतून? शेजाऱ्याची व्हॅन."

हे खरं होतं. पण ती व्हॅन पहाटे आरवत नाही. व्हिडिओत आवाज बंद करून वर बासरी घातलेली असते, ते का, हे मला पहिल्या पहाटे कळलं. आधी कोंबडे, मग मशिदीचा भोंगा, मग दुसऱ्या मशिदीचा भोंगा, मग मोपेड, मग मोपेडला भिऊन पुन्हा कोंबडे. सातच्या सुमाराला घराघरांतून कचरा जाळतात, आणि ज्या धुक्यात तो गोरा कॉफी पीत होता ते धुकं नव्हतं हेही समजलं. भात मात्र खरोखर हिरवा होता. त्यावर कुणी काही म्हणू शकत नाही.

गावातली खाचरं आपल्या सातबाऱ्यासारखीच. आजोबांचं एक शेत, त्याचे पाच मुलांत पाच पट्टे, त्यांचे नातवंडांत दोऱ्या. अशा दोरीवर पोट भरत नाही म्हणून तरणीताठी माणसं गाव सोडून हाँगकाँग, तैवान, मलेशियाला गेलेली. तिकडून पैसे येतात आणि त्यांतून गावात नवी घरं उठतात: गुलाबी, पोपटी, चकचकीत टाइल्स, अॅल्युमिनियमच्या खिडक्या, दारात दोन सिमेंटचे गरुड. गावाला भविष्य काय, असं मी शेखरला विचारलं तर तो म्हणाला, "दादा, टुरिझम." पर्यटक म्हणून त्या क्षणी तिथे आम्ही दोघंच होतो, आणि त्यातल्या एकीला घरी जायचं होतं.

जेवणाबद्दल सांगायलाच हवं. सुषमा रत्नागिरीची. कोवळ्या फणसाची भाजी हा तिच्या घराण्याचा अभिमान. इथे त्याच फणसात नारळाचं दूध आणि ताडाचा गूळ घालून तो इतका वेळ शिजवतात की त्याचा रंग जातो, चव जाते आणि मुरंबा व्हायचा तेवढा बाकी राहतो. तिने पहिला घास घेतला आणि शांतपणे विचारलं, "यांनी असं का केलं?" मग ताटली माझ्याकडे सरकवली. चहा इतका गोड की चमचा उभा राहील. तळलेलं टेम्पे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी, आणि शेंगदाण्याची कुरकुरीत पातळ पापडी मात्र मी मनापासून खाल्ली, आणि ही आपलीच संस्कृती असल्याचं जाहीर केलं. परदेशात चांगलं काही मिळालं की ते आपलंच असतं.

घर

सबंध गावात जुनं लाकडी घर एकच उरलेलं होतं. ते सुमीबाईंचं. तिकडे वडीलधाऱ्या बाईला 'बू' म्हणतात, आपल्या काकूसारखं. बू सुमी साठीच्या, बुटक्या, फुलाफुलांचा झगा, डोक्याला घट्ट बांधलेला स्कार्फ आणि नजर अशी की भाजीवाल्याने आपण होऊन दोन टोमॅटो जास्त टाकावेत. नवरा वारलेला, लेक हाँगकाँगला म्हाताऱ्यांची सेवा करते.

घर बघून मी विरघळलो. जुनं काळंभोर सागवान, मधोमध चार जाड खांब, एकावर एक चढत गेलेल्या तुळया, नक्षीदार लाकडी भिंती, वर कौलं. सगळ्यात एकही खिळा नाही, नुसत्या खाचा आणि लाकडी पाचरी. शेखर म्हणाला, घर बू सुमींना विकायचं आहे. परदेशी माणसाला त्या देशात जमीन आपल्या नावावर करता येत नाही, हेही त्याने हळूच सांगितलं, "पण डोंट वरी, जमिनीचं आपण स्ट्रक्चर करू." स्ट्रक्चर म्हणजे काय, असं मी विचारायला हवं होतं. मी खांबाला हात लावून बघत होतो.

अंगणात सिमेंटच्या गोण्या आणि गुलाबी टाइल्सची खोकी रचलेली होती. मी सुषमाला कौतुकाने दाखवलं. म्हटलं, बघ, आपल्यासाठी बाथरूम नवीन करून देतायत, नाहीतर आपल्या कौन्सिलला गल्लीतला एक दिवा बदलायला किती पत्रं लिहावी लागतात. ती त्या खोक्यांकडे बराच वेळ बघत राहिली. मग तिने बोटांवर खोकी मोजली.

मग मी आपल्या रीतीप्रमाणे विसार दिला. विसार म्हणजे बोलणं पक्कं, पुढचं सावकाश, कागद वकिलाकडे, मुहूर्त गुरुजींकडे. बू सुमींनी पैसे कपाळाला लावून झग्याच्या खिशात घातले, माझे दोन्ही हात हातात घेतले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, घराचा जिव्हाळा. शेखर म्हणाला, "दादा, यू आर फॅमिली नाऊ."

आणि खरंच, त्या संध्याकाळपासून गाव आमच्यावर नुसतं तुटून पडलं. आम्ही उतरलो होतो त्या खोलीवर दर घरातून झाकलेल्या ताटल्या यायला लागल्या. भात, अंड्याची आमटी, केळीची भजी. बायका यायच्या, सुषमाचा दंड चोळायच्या, तिच्या फोनमधला सईचा फोटो बघून मान हलवायच्या, जायच्या. एक आजी तर तिच्यासाठी शाल घेऊन आली, त्या उकाड्यात. मी मंडळाच्या ग्रुपवर टाकायला मजकूरही लिहून ठेवला: हाउन्सलोत वीस वर्षं राहून शेजाऱ्याचं आडनाव माहीत नाही, आणि इथे बघा माणुसकी.

देवळांहून परत

कागदपत्रांना थोडा वेळ लागेल म्हणून शेखर आम्हाला जुनी दगडी देवळं बघायला घेऊन गेला. देवळं थोर आहेत. त्यांच्यावर मी काही लिहीत नाही. आधीच लोकांनी फार लिहिलंय, आणि मी तिथे बहुतेक वेळ सावली शोधत होतो.

परत आलो त्या दुपारी गावात शिरताना मला डोंगर दिसला. छान दिसला, पूर्ण. दहा पावलं गेल्यावर लक्षात आलं की इथून डोंगर दिसायला नको. मध्ये आपलं घर असतं.

घर नव्हतं. म्हणजे होतं, पण आडवं. खांब एका बाजूला, तुळया त्यांच्या जाडीप्रमाणे, भिंतींचे पट्टे केळीच्या पानांवर, कौलांच्या सरळ ओळी. प्रत्येक लाकडावर खडूने खूण. गावातले पुरुष घामाने निथळत सावलीत बसून लवंगेचा वास येणाऱ्या सिगारेटी ओढत होते, बायका चहा देत होत्या, आणि सगळे आमच्याकडे बघून शाबासकीच्या अपेक्षेने हसत होते. घर होतं तिथे जमिनीवर नव्या पायाच्या रेषा चुन्याने आखून तयार होत्या.

एक जण उठून शेखरशी बोलला. शेखरने टोपी काढली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"दादा, ते विचारतायत, ट्रक कधी येणार? घर कुठे पाठवायचं?"

त्या गावात घर आणि जमीन या दोन निराळ्या वस्तू आहेत. लाकडी घर म्हणजे कपाटासारखं. विकलं की घेणाऱ्याने सोडवून न्यायचं. हे तिथल्या शेंबड्या पोराला माहीत आहे. बू सुमींनी घर विकलं होतं ते त्याच जागेवर लेकीच्या पैशाने गुलाबी टाइल्सचं नवं बांधायला. जमीन त्या कशाला देतील? आणि माझा विसार म्हणजे त्यांच्या हिशेबी लाकडाची पुरी किंमत; पैसे घेतले म्हणजे व्यवहार झाला. विसार नावाची अर्धीमुर्धी भानगड त्यांच्याकडे नव्हती. मी ज्याला सुरुवात समजलो होतो तो शेवट होता. टाइल्स बाथरूमच्या नव्हत्या. हे सगळं ऐकून सुषमा म्हणाली, "मला वाटलंच." लग्नाचा दुसरा पक्ष या दोन शब्दांसाठीच जगत असतो.

मी शेखरवर ओरडलो. तो म्हणाला, "टेक्निकली, दादा, हाउस अँड लँड आर सेपरेट." आयुष्यभर शहरात बिल्डरकडून बंगले घेऊन विकणारा माणूस, गावातल्या घराचे पाय सुटे होतात हे त्यालाही त्या दिवशीच कळलं होतं, पण त्याने ते टेक्निकली कळल्यासारखं दाखवलं. मी म्हटलं, या लोकांची मजुरी कोण देणार? शेखरने त्यांना विचारलं. ते सगळे एकदम हात हलवायला लागले. मजुरी नको, असं म्हणत होते. ज्याला कुणी नाही त्याच्याकडून कशी घ्यायची?

ज्याला कुणी नाही?

मग बू सुमी पुढे आल्या. सुषमाला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं, स्वतः दुसरी ओढून समोर बसल्या आणि बराच वेळ हलक्या आवाजात बोलल्या. आजूबाजूच्या बायका होकार देत होत्या. शेखर भाषांतर करेना. सुषमा म्हणाली, "शेखर, जसंच्या तसं सांगा."

"वहिनी, गैरसमज करू नका. त्या विचारतायत, तुमच्या मुलीनं तुम्हाला घराबाहेर काढलं का? गावात सगळे तेच म्हणतायत. या वयात, पक्कं विटांचं घर सोडून, एवढ्या लांब लाकडं विकत घ्यायला कुणी हौसेनं येत नाही. म्हणून ते डबे देत होते."

त्या ताटल्या, ती शाल, दंड चोळणं, सगळं एकदम माझ्या डोळ्यांसमोरून गेलं. ग्रुपवर टाकायचा मजकूर अजून फोनमध्ये होता. मी तोंड उघडलं आणि, खोटं का सांगू, तेच आरशासमोरचं वाक्य बाहेर येणार होतं. सुषमाने माझ्याकडे बघितलंही नाही.

"त्यांना सांगा," ती शेखरला म्हणाली, "मुलीनं काढलं नाही. मुलगी चांगली आहे. यांची नोकरी गेली. आणि सोमवारी सकाळी आपल्याच गल्लीत लोकांना दिसायची यांना लाज वाटते. म्हणून आम्ही इथे आलो."

शेखरने हे भाषांतर केलं तेव्हा मी कौलं मोजल्यासारखं करत होतो. त्या अंगणात निम्मं गाव बसलेलं. आमच्या गल्लीतल्या एकाही माणसाला जे मी कळू दिलं नव्हतं ते आता जावातल्या एका अख्ख्या वस्तीला ठाऊक झालं होतं.

बू सुमींनी मांडीवर थाप मारली आणि हसायला लागल्या. त्यांचा नवरा असाच होता म्हणे. गावच्या मुखियाच्या निवडणुकीला उभा राहिला, घरोघर जेवणं घातली, सपाटून पडला. मग शेतातल्या राखणीच्या खोपटात जाऊन बसला. गल्लीत पाऊल टाकेना. त्या डबा पाठवायच्या.

"मग परत कसे आले?" सुषमाने विचारलं.

"डास," शेखरने सांगितलं. अंगण हसून लोटपोट झालं. आणि सुषमाही हसली, डोळे पुसत, खुर्चीचा हात धरून. माझी नोकरी गेल्यापासून ती तशी हसलेली मला आठवत नव्हती. ते बघून मला माझाच राग आला, आणि जरासा बू सुमींचाही, कारण माझा एवढा मोठा पराक्रम त्यांच्या नवऱ्याने खोपट आणि डासांत उरकला होता.

हसू ओसरल्यावर सुषमा माझ्याकडे वळली. "मला इथे यायचं नाही. कुठेच जायचं नाही. लायब्ररीतून जावा घेऊन आलात त्या दिवशी विचारलं असतंत तर तेव्हाच सांगितलं असतं. तुम्ही किंमत विचारलीत एजंटला, आणि मला फक्त तारखा सांगितल्यात." तिने पर्समधून फोन काढून माझ्या हातात दिला. "एजंटला तुम्हीच सांगा. आत्ता, इथून."

मी केळीच्या झाडामागे जाऊन फोन लावला. एजंट आधी गोड बोलला, मग 'डिसअपॉइंटेड' झाला, मग आमचा दिवाणखाना त्याला एकाएकी फारसा स्पेशस आठवेना. घर आमचं राहिलं.

लाकडाचं काय केलं, हे लोक विचारतात. बू सुमींना दिलेले पैसे सिमेंटवाल्याच्या उधारीत गेले होते आणि ते परत मागण्याचं तोंड मला नव्हतं. जहाजाने हाउन्सलोला आणून मागच्या अंगणात उभारायचं तर कौन्सिलची प्लॅनिंग परमिशन मिळेपर्यंत सागालाही पालवी फुटली असती. गावच्या मुखियाने सुचवलं की व्हॉलीबॉलच्या मैदानाशेजारी लहान मुलांना लस टोचायला मंडप हवा आहे. मी लगेच उदार झालो. परवडत नाही ते दान करावं, हा माझा या प्रवासातला एकमेव धार्मिक अनुभव. निरोपाला प्रार्थना झाली, भाताचा मोठा पिवळा शंकू आला, मुखियाने भाषण केलं. शेखरने ते पूर्ण भाषांतर केलं नाही. लोक अधूनमधून हसत होते, तेवढ्यावरून विषय कळला.

पुन्हा हाउन्सलो

सोमवारी सकाळी नेहमीच्या वेळेला मी उठलो. सुषमा कामाला गेली. बॅग दाराशी होती, तिथेच राहिली. अकराच्या सुमाराला दूध आणायला म्हणून बाहेर पडलो. भर उजेडात, चपला घालून, गल्लीच्या मधोमध. दूध आणायला इतकं धैर्य लागावं, हे आज लिहिताना हास्यास्पद वाटतं. तेव्हाही वाटत होतं.

शेजारच्या ब्रायनला सोमवारी सुट्टी; तो कुंपणाची झुडपं छाटत होता. त्याने मान वर केली आणि मला जे टाळायला निम्मी पृथ्वी ओलांडावी लागली होती तेच विचारलं. आज कामाला नाही?

"नोकरी गेली," मी म्हटलं. "आता घरीच असतो."

त्याने कात्री खाली ठेवली. माझ्याकडे नीट बघितलं. मी सहानुभूतीची तयारी केली; हातात झाकलेली ताटली येते की काय, असंही क्षणभर वाटलं.

"म्हणजे दिवसभर घरी?" तो म्हणाला.

"दिवसभर."

"उत्तम. बुधवारी माझं वॉशिंग मशीन यायचंय. आठ ते सहाच्या मध्ये कधीतरी येतो म्हणतात, बदमाश. मी कामावर असणार. आत घेशील?"

मी म्हटलं, घेईन. मी असेन.